पोरीला मूळ धाडलं नाही

बायकोचं दहावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीनं मला एकच गोष्ट विचारली आणि मी तिच्याशी खोटं बोललो. चार दिवसांनी ते खोटं घेऊन ती परत जर्मनीला गेली. माझं वय सत्तरीला आलं. मी कधी खोटं बोललो नाही असं नाही. बाजारात बोललो, सोयऱ्यांत बोललो, ते पचलं. हे पचलं नाही.

तिनं काय विचारलं ते सांगतो. पण ती घरातून गेली कशी, ते आधी सांगायला पाहिजे.

आम्हाला लग्नानंतर सतरा वर्षांनी एकच पोर झाली. नंदुरबारकडं कोरीटच्या पुढं आमचं गाव, कापूस आणि मिरचीचं वावर. पोर शिकत गेली तशी मी शिकू दिली. धुळ्याला शेतकीचं कॉलेज केलं आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आबा, जर्मनीले जास. मातीनं शिकाले." सरकारची शिष्यवृत्ती मिळाली होती. मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस. कुठं आली ही जर्मनी म्हणून विचारलं, तर तिनं मोबाईलवर नकाशा काढला आणि नंदुरबारवर बोट ठेवून सरकवायला लागली. सरकवते आहे, सरकवते आहे. मला वाटलं आता मोबाईल संपेल.

पारावर माझी टिंगल झाली. "मातीनं शिकाले जर्मनीले? आम्हना वावरमा माती नही का?" मी पण ताठ्यात बोलून गेलो, की माझी पोर आता शिकून मोठी झाल्याबिगर गावात पाय ठेवणार नाही, लिहून घ्या. असं चार जणांत बोललेलं माणसाला बांधून टाकतं. मला बांधलं.

आता बायकोचं सांगतो. तिचं माहेर कळसाडीचं. तापीवरचा प्रकाशा गावचा पूल ओलांडला की पुढं शहाद्याकडं. आमच्या इकडं लेक माहेरी आपल्या पायांनी येत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की माहेराहून कोणीतरी तिला घ्यायला येतं. त्याला मूळ धाडणं म्हणतात, आणि घ्यायला येतो तो मुराळी. बायकोला न्यायला तिचा भाऊ यायचा, आधी बैलगाडीनं, मग मोटारसायकलवर. आम्ही दोघं पन्नाशीला आलो तरी यायचा. एका वर्षी माझं आणि त्याचं वाजलं. कशावरून ते जाऊ द्या, चूक माझी होती. त्या आखाजीला मूळ आलं नाही. बायकोनं सकाळी लुगडं घडी करून पिशवीत ठेवलं आणि दिवसभर दाराकडं तोंड करून मिरच्यांची देठं मोडत बसली. मी म्हटलं, "एस.टी. शे, चाल, मी सोडी येस." ती म्हणाली, "बिनमूळनी जाऊ? मी काय भिकारीन शे?" दुपारी पिशवीतलं लुगडं परत पेटीत गेलं. तिनं त्या दिवशी पुरणपोळी केली, आम्हाला वाढली, स्वतः खाल्ली नाही.

हे मी डोळ्यानं पाहिलेलं. तरी मला अक्कल आली नाही.

पोर जायची त्या दिवशी गल्लीतल्या बाया जमल्या. माझी वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहते. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तोंडानं फटकळ, पण आमच्या घरावर जीव. बायको सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी घेऊन आली तेव्हा वहिनी ओरडलीच, "व माय! कुवारी पोरनी ओटी भरतस का कोठे?"

बायको म्हणाली, "सासरले जावो नही तर जर्मनीले. घर सोडी ऱ्हायनी ना? मंग मी भरसू."

"आनि ती पँटमा काय भरशी? खिसामा?"

बाया हसल्या. पोर पण हसली. पँटवर ओढणी नव्हती, तर तिनं वहिनीचाच पदर ओढून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि आईपुढं वाकली. बायकोनं ओटी भरली. भरताना तिच्या तोंडावर हसू नव्हतं. लग्नात लेकीला पाठवताना आईचं तोंड असतं तसं तोंड होतं. मी ओसरीवर बॅगा बांधत होतो. मला वाटलं, बायकांचा खेळ चालू आहे.

नंदुरबार स्टेशनवर तिला मुंबईच्या गाडीत बसवलं. तिथून पुढं मैत्रिणीच्या घरचे विमानापर्यंत नेणार होते. गाडी हलली तेव्हा मी खिडकीशी चालत होतो आणि सांगत काय होतो, तर पाण्याची बाटली वरच्या बाजूला ठेव. दुसरं काही सुचलं नाही. विमानात बसायच्या आधी तिनं फोन केला, की तपासणीत खोबऱ्याची वाटी काढून घेतली, सुकं खोबरं विमानात चालत नाही. बायकोनं मला दोनदा विचारलं, "गहू ठेवात ना? गहू तरी ठेवात ना?" मी म्हटलं, तुझ्या गव्हानं तिकडं पेरणी होणार आहे का.

मग घर असं झालं, की दोन माणसं एका भिंतीकडं तोंड करून जेवतात. पोर असताना आम्ही तिच्याशी बोलायचो, तिच्या मार्फत एकमेकांशी बोलायचो. "आबाले सांग चहा व्हयना." "मायले सांग, मी घर उनू." ती गेल्यावर कळलं की आम्हाला एकमेकांशी सरळ बोलायची सवयच राहिली नाही.

रविवारी तिचा फोन यायचा, तोंड दिसायचं तो. आईशी अर्धा तास. मग मोबाईल माझ्याकडं. माझं ठरलेलं.

"जेवनी का?"

"जेवनू."

"थंडी शे का?"

"शे ना आबा. बर्फ पडस."

"बरं. ठेव मंग."

ती आईला सगळं सांगायची. एकटीची खोली आहे. शेजारच्या खोलीतल्या पोरीचं नाव कळायला दीड महिना लागला. तिकडं कोणी कोणाकडं उगाच जात नाही, बोलावलं तरच जायचं, आणि बोलावतात ते पण आठ दिवस आधी. एकदा म्हणाली, "माय, शनिवारपासून मी कोणासंगे बोलनू नही, आज तुन्हासंगे बोली ऱ्हायनू." बायकोनं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून राहिली. मी म्हटलं, अभ्यासाला शांतता बरी.

पहिली आखाजी आली तेव्हा पोरीनं फोनवर मला विचारलं, "आबा, आखाजीले माले लेवाले कोण येई ऱ्हायनं?"

मी म्हटलं, "इमानवाला ड्रायव्हरले धाडस. आवतननी सुपारी दी ठेवस त्याले."

ती हसली. मी पण हसलो. बायको हसली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिनी गंमत नही करी."

"मंग काय करं?"

"ओटी भरीसन गयेल पोर शे ती. मूळ नही गयं तर ती कशी यी?"

मी चिडलो. म्हटलं, घर तिचं आहे, लग्न झालेलं नाही, कोणी अडवलं आहे? यायचं तर येईल. बोलवायचं कशाला? आणि शिकायला गेली आहे, सणासणाला परत यायला गेली नाही. बायको म्हणाली, "तुम्हनी जिभले काय काटा लागतस का? ये म्हना. इतलंच म्हना." मी नाही म्हटलं. पारावर बोललेलं डोक्यात होतं. पोर मधेच परत आली तर म्हणतील, झालं शिकून, पळून आली. एवढीच माझी अक्कल.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बायकोला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालं आहे, पायांवर सूज येईल, मीठ बंद करा. मी मीठ बंद केलं. भाजी मीच करायचो, ती खाटेवरून सांगायची. पोरीला सांगायचं नाही असं मी ठरवलं, तिची परीक्षा होती, मग कसला तरी मोठा निबंध लिहायचा होता. फोन आला की बायको उठून बसायची, पदर नीट करायची आणि दम धरून थोडंच बोलायची. पोर मला विचारायची, "माय कशी शे? आवाज बारीक येस."

"बरी शे. सर्दी शे."

बायको तिथंच खाटेवर असायची. ऐकायची. मी फोन ठेवला की म्हणायची, "तिले मूळ धाडा."

मी म्हणायचो, "देखसू."

घरात मी कोणाला नाही म्हणायचं असलं की देखसू म्हणतो. ते तिला पक्कं माहीत होतं.

फाल्गुनात एका सकाळी चहा घेऊन गेलो तर तिनं कप धरला नाही. मी पोरीला फोन केला आणि म्हटलं, "माय गयी." तिकडून काहीच आलं नाही. मी म्हटलं, "आयकू येस का?" मला वाटलं रेंज गेली.

आम्ही माती थांबवली नाही. ती चौथ्या दिवशी पोचली. तोवर अस्थी प्रकाशाला तापीत सोडून झाल्या होत्या. बॅग हातात तशीच, ओसरीवर उभी. वहिनीनं तिला पोटाशी धरलं. मी खांबाला टेकून होतो. ती माझ्याकडं आली नाही आणि मी तिच्याकडं गेलो नाही.

डॉक्टरांचे कागद तिनंच कपाटातून काढले आणि वाचले. चार महिन्यांचे कागद. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. दहाव्यापर्यंत तिनं घरातलं सगळं काम केलं. आल्यागेल्यांचा चहा केला. माझं ताट वाढलं.

दहावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईची लुगडी पेटीत लावत बसली होती. वहिनी दारात डाळ निवडत होती. पोर मान वर न करता म्हणाली, "आबा, मायनी माले बलावाले सांगेल व्हतं का?"

मी म्हटलं, "नही."

"एकदाबी नही?"

"नही. तुन्हा अभ्यास मोडाले नको म्हने."

वहिनीचा हात सुपातच थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली. पोरीनं पेटीचं झाकण लावलं आणि आत गेली.

का म्हटलं असं? मी स्वतःला बरंच फिरवून सांगितलं, की पोरीच्या जिवाला लागेल, आई बोलवत होती आणि मी आले नाही असं तिला जन्मभर वाटेल, म्हणून म्हटलं. ते काही खरं नाही. मी माझ्यासाठी म्हटलं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही का बोलावलं नाही? पारावरच्या चार माणसांसाठी, हे उत्तर आईवेगळ्या झालेल्या पोरीला देता येतं का?

ती गेली. रविवारी फोन यायचा, पण आता तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज. "जेवनात का?" ती विचारायची. "जेवनू," मी म्हणायचो. आता थंडी शे का विचारायची सोय नव्हती, तिकडं पण ऊन पडायला लागलं होतं. ती म्हणायची, "ठेवस मंग." माझंच बोलणं मला परत यायला लागलं.

वहिनी भाकर आणून द्यायची. ताट ठेवायची आणि उभी राहायची.

"सांगं का?"

"नही आजून."

"खा मंग. जिभले दुसरं काम नही तर खावानं तरी करू द्या तिले."

एकदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही मराना पहिले सांगशात, का मी सांगू? मन्हाकडथून आयकी तर ती तुम्हना तोंडवर थुंकाले बी येवाव नही." मी म्हटलं, तू काही सांगू नको. ती म्हणाली, "माले काय हाऊस शे? तीन वेळा तर मन्हादेखत म्हने व्हती ती." म्हणजे वहिनीनं मोजलं होतं. मी मोजायचं टाळत होतो.

मग आखाजी आली. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. बायकोची ही पहिली घागर. वहिनीनं कुंभाराकडून नवी घागर आणली, पाणी भरलं, वर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. घरात बाईमाणूस तीच. गल्लीतल्या निंबाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या. माहेरी आलेल्या लेकी दारावरून जाताना आत डोकावून नमस्कार करून जात होत्या. काका, बरे शेतस ना. हा माय, बरा शे.

वहिनी म्हणाली, "हात जोडा. आनि तिले काय सांगनं ते सांगा."

मी हात जोडले. काय सांगणार? तिनं मागितलेलं एक काम होतं, त्याला पैसा लागत नव्हता, गाडी लागत नव्हती, एक शब्द लागत होता. तो मी दिला नाही आणि वर तिनं मागितलंच नव्हतं असं तिच्या पोरीला सांगितलं. घागरीपुढं बसून मला पाणी पाजायची लाज वाटली.

उठलो, मोबाईल घेतला आणि मागच्या गोठ्यात गेलो. आता गोठ्यात जनावर नाही, पण तिथं रेंज येते. रविवार नव्हता. पोरीनं घाबरूनच उचलला. "काय व्हयनं आबा?"

मी म्हटलं, "काही नही व्हयनं. मी तुन्हासंगे खोटं बोलनू. मायनी तुले बलावाले सांगेल व्हतं."

या वेळी मी रेंजचं विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "कवय?"

"आजारी व्हती तवय."

"नही, कवय ते सांगा. एकेक सांगा. कोठे व्हती, काय बोलनी, तसंच सांगा."

मी सांगायला लागलो. पहिल्यांदा दवाखान्यातून येताना, रिक्षात. तेव्हा नुसतं म्हणाली, पोरले कळाडा. मग संक्रांतीला, तीळ भाजायचा वास आला तेव्हा. मग एकदा तू फोनवर आवाज बारीक येस म्हणालीस, त्यानंतर लगेच. मग पायांची सूज चढली त्या आठवड्यात रोज. तिथं मी थांबलो. पोर म्हणाली, "पुढे." मी म्हटलं, शेवटच्या दोन-तीन दिवसांत मूळ धाडा म्हणाली नाही. तिला विचारलं, काही पाहिजे का, तर म्हणाली, आते ऱ्हाऊ द्या.

"आजून?"

"आजून नही. इतलंच."

ती रडत होती का मला कळलं नाही. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "मी दोन वरीस वाट देखी आबा. तुम्ही एकदाव म्हनशात म्हनीसन. अठे सुट्टी व्हती, तिकिट बी देखी ठेयेल व्हतं. माले वाटनं, आबाले आवडाव नही."

मी म्हटलं, "ये."

"आते कोणासाठे येऊ?"

हे ती रागानं बोलली नाही. खरंच विचारलं. गोठ्यात रिकाम्या गव्हाणीला हात टेकून मी उभा. माझ्या बापानं मला कधी असलं बोलायला शिकवलं नाही आणि मी कोणाला शिकवलं नाही. म्हटलं, "मन्हासाठे ये. मी एकला शे."

ती म्हणाली, "आज नका बलावू, आबा. आज माले मायनंच आयकू येऊ द्या." आणि ठेवला.

मी घरात आलो तर वहिनीनं घागरीपुढची जागा पुसून घेतली होती. तिनं विचारलं नाही. माझं ताट वाढलं, आमरस वाढला, स्वतःचं ताट पण तिथंच घेतलं. आम्ही दोघं जेवलो.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या पण नाही. तिसऱ्या रविवारी आला, आणि तोंड दिसलं. पोर वाळली होती. केस कापले होते. आईसारखी दिसत होती, ते मी बोललो नाही. तिनं विचारलं जेवनात का, मी म्हटलं जेवनू. मग मी म्हटलं, "दिवाळीले ये. मी स्टेशनवर नही, मुंबईले येस तुले लेवाले."

ती म्हणाली, "तुम्हले मुंबईनं इमानतळ सापडी का?"

"इचारत इचारत येसू."

तिनं हो म्हटलं नाही. म्हणाली, निबंध जमा करायचा आहे, मग नोकरीचं बघायचं, दिवाळीचं अवघड आहे. मी म्हटलं, बरं, मग संक्रांतीला. ती म्हणाली, संक्रांतीचं आत्ता काय सांगू. मी म्हटलं, मग मी पुढच्या रविवारी परत विचारतो. ती म्हणाली, भाजीत मीठ कमी टाकत जा, तुमचं पण वय झालं.